पाटीवर राहिलेली ओळ

११ फेब्रुवारी

ती. स्व. फुंकरमामांना,
चिमटीचा नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर बघून तुम्ही चष्मा पुसला असेल, आणि तरीही खात्री पटली नसेल. मीच आहे. एक्केचाळीस वर्षांनी लिहितेय, त्यामुळे 'कसे आहात' असं विचारायलाही जीभ रेटत नाही, पण विचारते. कसे आहात? मामींची तब्येत बरी आहे ना? तुमचा पत्ता जुन्या बाजारातल्या स्पेअरवाल्याकडून मिळाला. तुम्ही अजून दरवर्षी त्याला पत्र टाकता म्हणे. "एक्याऐंशीचे झालेत, पण अक्षर बघा, छापल्यासारखं," असं तो कौतुकाने सांगत होता.

इकडे सगळं ठीक. आई-बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. दादा सदुसष्ट वर्षांचा झाला, डोकं पांढरं झालं, जीभ मात्र तशीच तिखट. वहिनी त्याला पुरून उरते, म्हणून संसार टिकला. माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. डिझेलचे पंप आणि नोझल दुरुस्त करून, तपासून देतो आम्ही. हाताखाली चार जणी आहेत. भिंतीवर पाटी टांगलीय. कामात कुणीही काहीही बदललं की खडूने तिच्यावर लिहायचं आणि खाली आपलं नाव टाकायचं. तुमचाच नियम. पोरी वैतागतात, पण लिहितात.

आता कामाचं.

आपली गाडी अजून आहे. तीच, अडीचशे सीसीची, लाल टाकीची. बाबांनी विकायला काढली होती, दादाने विकू दिली नाही, आणि स्वतः कधी हातही लावला नाही. मागच्या खोलीत ताडपत्रीखाली पडून होती. येत्या २१ एप्रिलला आपला रेसचा ट्रॅक कायमचा बंद होतोय, तिथे गोदामं होणार आहेत. शेवटच्या दिवशी जुन्या गाड्यांना एकेक फेरी मारू देणार आहेत. दादाने हे पेपरात वाचलं मात्र, दुसऱ्या दिवशी काठी टेकत वर्कशॉपात हजर. म्हणाला, "माझी सातवी फेरी अर्धी राहिलीय. ती पुरी करायचीय."

मी म्हटलं, "अरे, तुझा डावा गुडघा वाकत नाही."

"मग काय झालं? फेरी काय गुडघ्याने मारायचीय?"

डॉक्टरांनी हो म्हटलेलं नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही. वहिनी म्हणाली, "पडलात तर मी दवाखान्यात येणार नाही, आधीच सांगून ठेवते," आणि दुसऱ्या दिवशी त्याचे जुने चामड्याचे कपडे काढून उन्हात घातले. तेव्हा मीही मुकाट्याने इंजिन उघडलं. त्या रेसच्या दिवशी जाम झालेला पिस्टन तसाच आत अडकून बसलेला होता. तो काढला, नवा बसवला. मागचा ब्रेक डाव्या पायाचा होता, तो हँडलवर हाताचा करून घेतला. चाकं, चेन, केबली, सगळं झालं. फक्त कार्बुरेटर नाही. त्याच्या जागी नुसतं भोक आहे, तुम्हाला माहीतच आहे. म्हणजे, माहीत असेलच असं नाही म्हणा.

चार महिने झाले, मी बत्तीस मिलिमीटर तोंडाचा कार्बुरेटर शोधतेय. पहिला एकाने छातीठोकपणे 'बत्तीसचा आहे' म्हणून दिला, मोजला तर मुळात तिसाचा, आतून कातून मोठा केलेला; भिंत इतकी पातळ झालेली की नखाने वाजवली तर थरथरायची. दुसरा चौतीसचा. तिसरा एका हौशी माणसाच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात आहे. त्याने मला चहा पाजला, कपाटाला किल्ली लावली आणि म्हणाला, "बघायला हरकत नाही, हात लावायचा नाही." चौथा अगदी हुबेहूब निघाला. मी नाचायचीच बाकी होते. बसवायला गेले तर पेट्रोलची वाटी उलट्या बाजूला. दुसऱ्या कुठल्या तरी गाडीसाठी केलेला, फ्रेमच्या नळीला जाऊन आपटतो. सगळं मुसळ केरात.

तेव्हा मामा, तुमच्या ओळखीत कुणाकडे तसा कार्बुरेटर असला तर कळवा. लागतील ते पैसे देईन. दादाला मी तुम्हाला पत्र लिहितेय हे सांगितलेलं नाही. तो त्या कार्बुरेटरबद्दल जे बोलतो ते मी इथे लिहीत नाही.

जुनं काही उकरून काढायला हे पत्र नाही, एवढं समजून घ्या. त्या दिवशी पाटीवर जेट २३० असं लिहिलेलं होतं, सगळ्यांनी वाचलं. पुढे जे झालं ते झालं.

मामींना नमस्कार सांगा.

तुमची
चिमटी


६ मार्च

प्रिय मामा,

'ती. स्व.' वगैरे आज राहू द्या.

खोकं परवा आलं. लाकडी खोक्यात पत्र्याचा डबा, डब्यात मऊ फडकं, आणि फडक्यात तो. मी आधी फक्त वजन घेतलं तळहातावर. मग खिडकीशी नेला, उलटा केला, आणि वाटीच्या खालच्या अंगाला तो पोचा दिसला. त्यावरून बोट फिरवलं. तो पोचा माझा आहे, मामा. मी पंधरा वर्षांची होते, हातातून पाना सुटला होता आणि मी रडायला लागले होते. तुम्ही म्हणालात, "रडतेस काय? आता गाडी तुझी ओळख विसरायची नाही."

म्हणजे तो तुमच्याकडेच होता. एक्केचाळीस वर्षं.

तुमची चिठ्ठी मी दहादा वाचली. आहेच केवढी! "धाडलाय. घासू नकोस, नुसता धू. मेन जेट बदल. पाटी लिही." पाटी लिही. शेवटचे हे दोन शब्द वाचले आणि मग माझं दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. एका पंपाचं झाकण उलटं बसवलं, आणि पोरींनी ते पाटीवर लिहिलं, माझ्या नावानिशी.

मामा, तुमचे आभार कसे मानू? साधे आभार तर आहेतच. चार महिने वणवण केली, आणि ज्या माणसाला आम्ही घालवून दिलं त्याने एका पत्रावर वस्तू घरपोच धाडली, वर एक पैसाही मागितला नाही. दादाला मी सांगितलं, "मामांनी पाठवलाय." दादाने कार्बुरेटर हातात घेतला, ओळखला, आणि म्हणाला, "चोराला म्हातारपणी पाप आठवलं वाटतं." मी तिथे गप्प बसले, हे तुम्हाला लिहून कळवतेय.

तो काय बोलतो ते आता लिहूनच टाकते. जुने रेसवाले जमले की तो ही गोष्ट रंगवून सांगतो. "मी तिकडे स्ट्रेचरवर, आणि आमचा मिस्त्री इकडे कार्बुरेटर काढून पसार! आधी गाडीची वाट लावली, मग उरलेली विकून खाल्ली." लोक हसतात. पहिली काही वर्षं तो चिडून सांगायचा, मग सवयीने सांगायला लागला. मी त्या वेळी चहा आणायला उठते.

काल दुपारी वर्कशॉप बंद ठेवून मी तो उघडला. सांगितलंत तसा घासला नाही, नुसता धुतला. आत पेट्रोल वाळून पिवळं लुकण झालं होतं, ते भिजवून काढलं. मग मेन जेट सोडवला. तुम्ही मला पहिल्यांदा जेट दाखवलात ते आठवलं. तुम्ही म्हणाला होतात, "हा पितळेचा एवढासा स्क्रू. ह्याच्या भोकातून इंजिनाला पेट्रोल जातं. आकडा मोठा तर भोक मोठं. भोक लहान पडलं की इंजिन आधी पळतं जोरात, मग तापतं, आणि मग पिस्टन धरतो. गाडीचा जीव ह्या भोकात आहे, समजलीस?" आणि तोंडाजवळ धरून अशी फुंकर मारलीत की बाबा आतून ओरडले, "कोण शिट्ट्या मारतंय?" तेव्हापासून तुम्ही फुंकरमामा झालात.

जेटवरचा आकडा वाचायला मला भिंग लागलं नाही. मला तो माहीत होता. २२०.

पाटीवर २३० होतं. जेट २२० होता. तो मी बदलला होता, मामा. शनिवारी संध्याकाळी, तुम्ही मामींना ताप आला म्हणून लवकर घरी गेलात तेव्हा. सरावानंतर प्लग काढून बघितला तर काळाकुट्ट. म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, गाडी दबतेय, हे तुम्हीच शिकवलेलं. मी दहाने खाली आणला. पाटीवर लिहायला गेले तर खडू संपला होता. सकाळी लिहीन म्हटलं, आणि सकाळच्या धांदलीत राहून गेलं. रविवारी हवा अचानक गार पडली. तुम्ही पाटी वाचलीत, नाक वर करून हवा हुंगलीत आणि म्हणालात, "गार हवेला पेट्रोल जास्त लागतं. पण दोनशेतीस आहे, निभावेल." दोनशेतीसने निभावलंच असतं. सातव्या फेरीला दादा सगळ्यांच्या पुढे होता, आणि वळणावर पिस्टनने धरलं, मागचं चाक जागच्या जागी थांबलं. पुढचं तुम्ही पाहिलंय.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. लिहिल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही वाटलं नाही. पण तुमचे उपकार मात्र आता कुठे कळायला लागलेत. सगळे दादाकडे धावले तेव्हा तुम्ही गाडीकडे गेलात. तुम्ही वाटी उघडली असणार, आकडा बघितला असणार, आणि पुन्हा बंद करून अख्खा कार्बुरेटर पिशवीत टाकला असणार. दुसऱ्या कुणी उघडून बघू नये म्हणून. खरं ना?

खडू संपला नसता तर हे काहीच झालं नसतं, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले.

तुमची कायमची ऋणी,
चिमटी


२९ मार्च

प्रिय मामा,

तुमचं कार्ड मिळालं. "पत्र पोचलं. खडूची पेटी भरलेली होती, शुक्रवारी मीच आणून ठेवली होती. असो. इंजिन कसं वाजतंय ते कळव."

धन्य आहे तुमची! एक्याऐंशीव्या वर्षी माणसं स्वतःचा चष्मा कुठे ठेवला ते विसरतात, आणि तुम्हाला एक्केचाळीस वर्षांपूर्वीच्या शुक्रवारचा खडू आठवतोय. कार्ड वाचून मी आधी हसले आणि मग दार लावून घेऊन पोटभर रडले. आता खरं लिहिते.

खडू संपला नव्हता. खडू माझ्या फ्रॉकच्या खिशात होता.

मी मुद्दाम लिहिलं नाही. लिहिलं असतं तर सकाळी तुम्ही वाचलं असतंत, हवा हुंगली असतीत आणि "चिमटे, काढ तो" म्हणून परत दोनशेतीस बसवला असतात. मला तो आत हवा होता. दादा जिंकल्यावर, सगळे त्याच्या गळ्यात पडल्यावर, मला पुढे होऊन सांगायचं होतं की जेट मी बदलला. मी, सतरा वर्षांची. घरात मला 'पाना दे' आणि 'फडकं आण' एवढंच सांगायचे. बाबा म्हणायचे, ही मुलगी ग्रीसमध्ये हात घालून स्वतःचं वाटोळं करून घेणार. त्यांना सगळ्यांना मला दाखवून द्यायचं होतं. एवढंच होतं, मामा. राहून गेलं नव्हतं.

आणि तिसऱ्या दिवशी बाबांनी तुम्हाला अंगणात उभं करून विचारलं, "इंजिनाची जबाबदारी कुणाची?" तेव्हा मी जिन्यात उभी होते. तुम्ही वर बघितलंत. माझ्याकडेच. मग मान खाली घालून म्हणालात, "माझी." बाबा तोंडाला येईल ते बोलले, हलगर्जी म्हणाले, नमकहराम म्हणाले. तुम्ही पिशवी उचललीत आणि गेलात. त्या पिशवीत काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. पण संशय आला नव्हता, असंही म्हणवत नाही. पहिल्या पत्रात मी 'कुणाकडे असला तर कळवा' असं लिहिलं, खरं विचारायचं होतं 'तुमच्याकडे आहे का'.

हे लिहून झालं. पण तुम्हाला लिहून काय उपयोग, तुम्हाला तर सगळं आधीच माहीत. ज्याला माहीत नाही त्याला सांगायचं होतं.

सोमवारी दुपारी दादा कपडे अंगाला होतात का ते दाखवायला वर्कशॉपात आला. होत नाहीत, चेन पोटापाशी अडते. नेहमीसारखी थट्टा चालू होती. मी त्याला बसवलं आणि जेट त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने चष्मा कपाळावरून खाली ओढला.

"दोनशेवीस? हा कुठला?"

"आपल्या गाडीतला. त्या दिवशीचा."

"काहीतरीच काय! पाटीवर तर दोनशेतीस होतं."

"पाटीवर होतं," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. खडू खिशात होता तेही. मध्ये थांबले असते तर पुन्हा कधी सांगू शकले नसते, म्हणून त्याच्याकडे न बघता सांगत गेले.

त्याने जेट बोटांत फिरवला. मग त्याने एकच विचारलं, "मामांना ठाऊक होतं?"

"त्याच वेळेपासून."

तो उठला, काठी घेतली आणि गेला. चेन तशीच उघडी. तीन दिवस आला नाही, फोन उचलला नाही. वहिनीचा मात्र फोन आला, "काय झालंय गं? एरवी हा माणूस आमटीतल्या मिठावरून भाषण देतो, तीन दिवस समोर येईल ते गिळतोय. मला भीती वाटायला लागलीय." मी तिलाही सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंस. उशीर केलास, पण बरं केलंस."

चौथ्या दिवशी तो आला. उभ्याउभ्याच बोलला. "हे बघ, रागावलोय मी. नाही असं म्हणणार नाही. काही दिवस राहीन रागावलेला, मग बघू. पायाचं सोड, रेस करणाऱ्याचा पाय आज ना उद्या मोडतोच. पण तू मला त्या माणसाला चोर म्हणू दिलंस. एक्केचाळीस वर्षं मी म्हणत होतो, आणि तू चहा आणायला उठत होतीस."

खरंच होतं ते. मी म्हटलं, "चुकलं माझं, दादा." तो म्हणाला, "चुकलंच." मग खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "तुझा फोन दे. माझ्या फोनमध्ये सगळ्यांचे नंबर नाहीत."

आणि मग त्याने एकेक फोन लावायला सुरुवात केली. ज्यांना ज्यांना ती गोष्ट सांगितली होती त्या सगळ्यांना. स्पेअरवाला, टायरवाला, त्याच्याबरोबर रेस केलेले आता जेवढे उरलेत तेवढे. अर्ध्या म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही. दादा वर्कशॉपच्या दारात उभा राहून ओरडतोय, "चोर नव्हता! अरे, चो-र न-व्ह-ता! आमचा मिस्त्री! हां, तोच! मी खोटं बोलत होतो!" समोरच्या दुकानातले लोक बाहेर येऊन बघायला लागले. माझ्या पोरी हातातलं काम टाकून उभ्या. एकाने विचारलं असावं, मग कुणी केलं. दादाने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तो फोनमध्ये ओरडला, "घरातलंच होतं! बहीण!" दोन दिवस चाललं होतं हे. आता घसा बसलाय त्याचा, वहिनी गरम पाणी पाजतेय. बाबांना मात्र फोन लावता येत नाही. ते तुम्हाला दोषी धरूनच गेले, ही माझी चूक आता भरून निघणारी नाही.

मामा, मी आभार मानायला बसले आणि माझंच रडगाणं गायले. आता आभार मानते, नीट ऐकून घ्या.

त्या दिवशी तो आकडा बाबांनी बघितला असता, तर मला पुन्हा पान्याला हात लावू दिला नसता. मीही लावला नसता. तुम्ही पिशवी उचलून गेलात आणि मला माझं काम ठेवून गेलात. तीस वर्षं मी ह्या दोन हातांवर जगतेय. माझ्याकडे शिकलेल्या दोघींनी स्वतःची वर्कशॉपं काढलीत. माझ्या इथून गेलेला पंप परत येत नाही, असं लोक म्हणतात. ते सगळं तुमच्या एका शब्दावर उभं आहे, 'माझी' ह्या शब्दावर. आणि त्या शब्दापायी तुम्ही गाव सोडलंत, रेसचं काम सोडलंत, मामींनी माणसं सोडली. स्पेअरवाला सांगत होता, तुम्ही पुढे पाण्याच्या पंपांची दुरुस्ती करत राहिलात, रेसच्या गाडीला पुन्हा हात लावला नाहीत. तुमच्यासारखा हात! मामींनाही माझे आभार सांगा. त्यांना ठाऊक होतं का हे? असणारच. त्यांनी मला शिव्या घातल्या असतील तर त्या मला पोचल्या असं सांगा, आणि मी त्यांच्या पाया पडते असंही सांगा.

आता तुमच्या कार्डाचं उत्तर. इंजिन कसं वाजतंय ते मला कळवता येत नाही, कारण ते अजून चालू केलेलं नाही. कार्बुरेटर धुऊन, कोरडा करून बाकावर ठेवलाय. नवा जेट आणलाय, २४०, एप्रिलात सकाळी अजून गारवा असतो म्हणून दहाने वरच ठेवलाय. पण दादाने हुकूम सोडलाय, "मामांनी फुंकर मारल्याशिवाय तो जेट आत जाणार नाही. ते आले नाहीत तर मी फेरी मारणार नाही. राहू दे अर्धी." तो बोलला की बोलला, तुम्हाला माहीतच आहे. तेव्हा त्याची फेरी आता तुमच्या फुंकरीवर अडलीय. ९ तारखेला तो आणि वहिनी मोटार घेऊन तुमच्या दारात येतील. वहिनी चालवणार आहे, त्यामुळे काळजी नको. फुंकर मारायला दम राहिलेला नाही वगैरे सबबी सांगू नका, स्पेअरवाल्याने तुमचं सगळं सांगितलंय. मामींना घेऊन या. वरची खोली झाडून ठेवलीय, जिना चढवत नसेल तर खालची माझी खोली आहे.

दादा शेजारीच बसलाय. त्याला म्हटलं दोन ओळी लिही. तो म्हणतो, लिहिण्यासारखं नाही, दारात उभं राहून बोलायचंय. तरी पेन घेतलंय हातात.

*मामा, मी चोर म्हणालो. तुमच्या दारात येऊन कान धरणार आहे. गुडघा वाकत नाही, म्हणून उभ्यानेच धरीन, चालवून घ्या. दादा.*

आपली जुनी पाटी सापडली. आईच्या पेटीत तळाशी होती, सुतळीसकट. एक कोपरा उडालाय. पुसून, धुऊन पुन्हा टाकीला बांधलीय. २४० ची ओळ तुम्ही आल्यावर तुमच्या हाताने लिहायची, म्हणून जागा सोडलीय. पण त्याच्या आधीची एक ओळ राहिली होती. ती आज सकाळी दादासमोर लिहिली. इथेही उतरवते, आणि तीच माझी सही समजा.

शनिवार, संध्याकाळ. मेन जेट २३० काढला, २२० बसवला.
बदलणारी: चिमटी